स्टेशनवर पेट्या लागल्यात

क्लिफर्ड होल्रॉइड मेला तेव्हा त्याची कॅब रांगेत पहिली होती. आमच्या गावात पहिल्या गाडीला ओलांडून कोणी पुढे जात नाही. पहिल्याला दोन गल्ल्यांपुरतं भाडं मिळो की विमानतळाचं, ते त्याचं नशीब. मागच्यांनी बघत राहायचं. म्हणून पिशव्या घेतलेली एक बाई त्याच्या खिडकीशी आली, तिने काच वाजवली, आणि तो हलेना तेव्हा ती दुसऱ्या गाडीकडे वळली. दुसऱ्या गाडीत नेव्हिल होता. तो म्हणाला, "नंबर त्याचा आहे, बाई. झोपलाय. जरा जोरात वाजवा."

तिने जोरात वाजवलं. मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "क्लिफ, झोपायचं तर घरी जा, घरी बायको तरी आहे." आम्ही सगळे हसलो. मग नेव्हिल उतरला, त्याने दार उघडलं आणि टोपी काढली. तेव्हा कळलं.

थेल्मा ही क्लिफर्डची बायको. तोवर आम्ही तिला फारसं ओळखत नव्हतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, बुटकी, रुंद हाडाची, केस अगदी कानाच्या वर कापलेले. प्रेताजवळ ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मीटर चालू होतं का?" नव्हतं. "मग ठीक," ती म्हणाली. भाडं अर्धवट सोडून जाणारा तो माणूस नव्हता, असं तिला म्हणायचं असावं.

तिची गोष्ट सांगायची तर प्लेटची गोष्ट सांगावी लागते. आमच्या थॉर्नशॉत कॅबच्या मागे कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, पांढरी प्लेट असते. ती असेल तरच स्टँडवर उभं राहता येतं, रस्त्यात हात केलेल्या माणसाला उचलता येतं. फोनवरच्या गाड्यांची प्लेट पिवळी. आधी फोन आल्याशिवाय त्यांनी कोणाला आत घेतलं तर लायसन्स गेलं समजा, मग तो माणूस गारठून मरत का असेना. पिवळ्या प्लेटा मागेल त्याला मिळायच्या. पांढऱ्या मोजक्याच, आणि कौन्सिलने वर्षानुवर्षं त्यात एकाची भर घातली नव्हती. म्हणून कोणी म्हातारा झाला, कोणाचे डोळे गेले, की त्याची प्लेट विकली जायची, एखाद्या लहान घराच्या किमतीला. वीतभर तुकडा. माझ्या वडलांनी तिकडे मायदेशी डडियालची जमीन विकून मला तो घेऊन दिला होता. ज्या शेतात माझ्या आजोबांची कबर आहे ते शेत मी इथे गाडीच्या बुडाला चार स्क्रूंनी बसवून फिरत होतो.

क्लिफर्डला पुरल्यानंतरच्या आठवड्यात डेस्मंड क्रॅबट्री थेल्माकडे गेला. डेस्मंड आमच्या कॅबवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. उंच, गोरापान, आवाज पाद्र्यासारखा. त्याच्याकडे पाच-सहा प्लेटा होत्या आणि गाडी तो एकही चालवत नसे. दुसऱ्यांना चालवायला द्यायचा आणि दर शुक्रवारी भाडं घ्यायचा. तो बायकोने केलेला मटणाचा पाय घेऊन गेला, थेल्माच्या स्वयंपाकघरात बसला, तिचा हात हातात घेतला.

"प्लेट क्लिफच्या नावावर आहे, पोरी," तो म्हणाला. "आणि तुला तर चालकाचा बॅज नाही. बॅज नसलेल्या माणसाला प्लेट ठेवता येत नाही. कौन्सिल उचलून नेईल. माझ्या नावावर करून ठेवू. गरम ठेवतो तुझ्यासाठी. तू बॅज काढ, मग बघू."

तिने सही केली. शोकात माणूस सही करतो, आणि मटणाचा पाय अजून गरम होता.

मग तिने बॅज काढला. त्या काळात परीक्षा अवघड होती. रस्ते, गल्ल्या, शाळा, दवाखाने, कुठून वळता येतं आणि कुठून नाही. तिने फ्रिजच्या दारावर गावाचा नकाशा चिकटवला. स्टँडवर येऊन आमच्या खिडकीत डोकं घालायची आणि म्हणायची, "गुल, विचार." माझं नाव गुलफराज. एवढं लांब नाव घ्यायला तिला वेळ नव्हता. मी विचारायचो आणि ती सांगायची, आणि चुकली की स्वतःच्या मांडीवर चापट मारायची. पास झाली त्या दिवशी तिने आम्हाला सगळ्यांना केक वाटला. मग बॅज गळ्यात अडकवून ती डेस्मंडकडे गेली.

तो म्हणाला, "शाब्बास. पण आता ती माझ्या नावावर आहे गं. नियम बदललेत. एकदा फिरवली की परत फिरवता येत नाही." मग थोडा थांबून, "पण गाडी तूच चालव ना. परक्याला देण्यापेक्षा तुला दिलेली बरी. क्लिफलाही बरं वाटेल."

अशी थेल्मा आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या कॅबमध्ये बसून, त्याच्याच उशीला पाठ टेकून, दर शुक्रवारी दुसऱ्याला भाडं देऊ लागली.

ती चांगली चालवायची. सकाळी सगळ्यात आधी बाजाराच्या स्टँडवर. तिच्या गाडीत चिप्स खायच्या नाहीत, पाय सीटवर ठेवायचे नाहीत. एकदा एका दारुड्याने तिला विचारलं, "म्हातारे, तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते. तू ओकशील याची." आमची पोरं तिला थेल्मा आंटी म्हणायची. तिला आवडायचं नाही आणि ती कोणाला थांबवायचीही नाही. माझ्या मुलीच्या लग्नात ती हिरवी हॅट घालून आली आणि बायकांच्या बाजूला बसून माझ्या चुलतीशी दोन तास गप्पा मारत होती. चुलतीला इंग्रजी येत नाही.

डेस्मंडने तिला संघटनेची चिटणीस केलं. बिनपगारी काम, कोणाला नको होतं. "आपली थेल्मा," तो सभेत म्हणायचा, "हिच्याशिवाय आपण सगळे अनाथ." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात मी इतक्यांदा पाहिला आहे की आता डोळे मिटूनही मला त्याची अंगठी दिसते.

अशी किती वर्षं गेली मी सांगत नाही. बऱ्यापैकी गेली. मग एका दुपारी ती माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. आम्ही स्टेशनवर रांगेत होतो, रांग हलत नव्हती.

"मी बॅज नवा करायला गेले होते," ती म्हणाली. "खिडकीत नवीन बाई आहे. सर्दी झालेली. तिने माझं आडनाव बघितलं आणि म्हणाली, तुमच्या मिस्टरांची प्लेट तुम्ही विकलीत का? मी म्हटलं, विकली नाही, मला बॅज नव्हता. ती म्हणाली, मालकाला बॅज कशाला लागतो? लागतो फक्त चालवणाऱ्याला. विधवेला प्लेट ठेवता येते. पहिल्यापासून येते."

"नियम बदलला असेल," मी म्हणालो.

"मी तेच विचारलं. बदलला नाही. आणि परत नावावर करायला कधीच बंदी नव्हती. एक सही लागते. त्याची."

पुढची गाडी हलली. मी एक गाडीभर पुढे घेतली.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार? शुक्रवार आहे. भाडं देणार."

आणि तिने दिलं. लोक म्हणतात रागाने माणूस करपतो. थेल्मा करपली नाही. ती नीटनेटकी झाली. सभांना घरी केलेली बिस्किटं आणू लागली, जी तिने पूर्वी कधी आणली नव्हती. डेस्मंडच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला फुकट दवाखान्यात ने-आण केली. तो खांद्यावर हात ठेवायचा तेव्हा ती खांदा किंचित वर करायची, त्याला ठेवायला सोपं जावं म्हणून. मला वाटलं, गिळलं हिने. मी तिच्याजवळ होतो आणि मला तसं वाटलं, तर डेस्मंडला वेगळं काय वाटणार?

पांढऱ्या प्लेटांची संख्या कौन्सिल आपल्या मर्जीने गोठवू शकत नाही. दर काही वर्षांनी त्यांना पाहणी करावी लागते. बाहेरची माणसं येतात, स्टँडसमोरच्या दिव्याच्या खांबांवर करड्या रंगाच्या पेट्या लावतात, त्यात कॅमेरा असतो. तीन दिवस ते बघतात की लोक गाडीची वाट बघतात की गाड्या लोकांची. गाड्या लोकांची वाट बघत असतील तर गावात गाड्या पुरेशा आहेत, नवी प्लेट नको. लोक वाट बघत असतील तर प्लेटा मोकळ्या करा. दिवस कोणते ते कौन्सिल सांगत नाही. पण खांबावर चढलेला माणूस कोणाच्या ना कोणाच्या नजरेला पडतोच, आणि ज्याच्या पडतो त्याने सगळ्यांना कळवायचं, हा आमचा रिवाज. मग डेस्मंड गाड्या वाटून द्यायचा: इतक्या स्टेशनवर, इतक्या बाजारात, इतक्या इस्पितळाशी. त्या तीन दिवसांत कोणी आजारी पडत नाही. मागच्या पाहणीला नेव्हिल हात प्लास्टरमध्ये घालून आला होता आणि रांगेत नुसता बसून राहिला, कोणी भाडं आलं की मागच्या गाडीकडे बोट दाखवायचा. इस्पितळातून बाहेर पडलेल्या म्हातारीला वळून बघायच्या आत तीन दारं उघडायची. लोकांना वाटायचं गाव सुधारलं. चौथ्या दिवशी आम्ही सगळे घरी झोपायचो.

या खेपेची पाहणी महत्त्वाची होती. डेस्मंडने आपल्या सगळ्या प्लेटा विकायच्या ठरवल्या होत्या. गिऱ्हाईक ठरलं होतं, स्पेनमध्ये बंगला बघून ठेवला होता, बंगल्याचा फोटो खिशात घेऊन फिरायचा. आणि मीही विकणार होतो. माझी पाठ गेली होती. डॉक्टर म्हणाला होता, अजून एक हिवाळा गाडीत काढलास तर काठी घेशील. माझ्या मेहुण्याच्या ओळखीचा एक मुलगा प्लेट घेणार होता, तोंडी सगळं झालं होतं. पाहणी संपली की व्यवहार.

नोव्हेंबरात पेट्या लागल्या. त्याच दिवसांत कौन्सिलची माणसं नाताळचे दिवे लावत गावभर शिड्या घेऊन फिरतात. जिकडे बघावं तिकडे खांबावर माणूस. मी त्या सकाळी बाजारातून गेलो तेव्हा थेल्माची कॅब एकटीच स्टँडवर होती, आणि ती खाली उतरून शिडीवरच्या माणसाला थर्मासमधला चहा देत होती. मी हात केला. तिने हात केला. मला वाटलं, दिवे.

तासाभराने सगळ्यांच्या फोनवर तिचा निरोप आला: स्टेशनवर पेट्या लागल्यात.

खरंच लागल्या होत्या. आम्ही जाऊन बघितल्या. दोन, तिकीट खिडकीसमोर. डेस्मंडने तिला फोन करून विचारलं, "बाकी कुठे?" ती म्हणाली, "मी स्टेशनवर बघितल्या." त्याने तेवढ्यावर हुकूम सोडला. सगळ्या गाड्या स्टेशनवर. बाजार नको, इस्पितळ नको, एकही गाडी तिकडे वाया घालवू नका.

एकदा कुठे बघायचं ते कळलं की माणूस दुसरीकडे बघत नाही. तीन दिवस स्टेशनच्या आवारात गाड्याच गाड्या, पार पुलापर्यंत. ट्रेनमधून उतरणारा प्रवासी बावरून जायचा. नेव्हिल म्हणाला, "त्यांना वाटत असेल राजाच आला." तीन दिवस कोणाचा धंदा झाला नाही आणि सगळे खुशीत. डेस्मंड ओव्हरकोट घालून रांगेशेजारून फिरत होता, खिडक्यांतून सँडविच वाटत होता. थेल्मा रांगेत माझ्यापासून चार गाड्या मागे होती. विणत होती.

कौन्सिलच्या बैठकीला आम्ही सगळे गेलो, कोट घालून. पाहणी कंपनीचा एक मुलगा, गळ्याला मफलर, भिंतीवर चित्रं दाखवू लागला. पहिलं स्टेशनचं. गाड्यांचा समुद्र. आम्ही एकमेकांना कोपरं मारली. मग त्याने इस्पितळाचं दाखवलं.

दाराबाहेर माणसांची रांग. डोळ्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा भिंतीला हात लावून उभा. व्हीलचेअरमधली एक बाई, मांडीवर ब्लँकेट, आणि तिला ढकलणारी मुलगी रस्त्याकडे मान लांब करून बघते आहे. तेच चित्र पुन्हा, रांग थोडी मोठी. मग पुन्हा. मग बाजार: एक आजी आपल्या चाकांच्या पिशवीवर बसलेली, मागे बंद दुकान. आधीच्या चित्रातही तीच आजी तशीच बसलेली होती. मुलगा म्हणाला, "ही व्यक्ती शेवटी चालत गेली असावी."

डेस्मंड उठला. "पेट्या फक्त स्टेशनवर होत्या," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. कौन्सिलचे लोक त्याच्याकडे बघत राहिले. एक बाई शांतपणे म्हणाली, "मिस्टर क्रॅबट्री, पेट्या कुठे होत्या हे तुम्हाला का माहीत असावं?"

त्याच बैठकीत मर्यादा उठली. पांढरी प्लेट आता मागेल त्याला, फक्त गाडी नवी हवी आणि व्हीलचेअर आत जाईल अशी हवी. आमच्या प्लेटांना आता कोणी दमडी देणार नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर नेव्हिल म्हणाला, "माझ्याकडे आता अंड्याचं ऑम्लेट पलटायला एक बरी वस्तू आहे."

डेस्मंडचं गिऱ्हाईक त्याच आठवड्यात गेलं. माझी प्लेट घेणारा मुलगाही गेला. त्याने फोन उचलायचं बंद केलं. डेस्मंडने गाड्या विकायला काढल्या, त्यात थेल्माची पहिली. नव्या प्लेटला लागते तशी गाडी घेण्याची तिची ऐपत नव्हती. ती फोनवरच्या गाड्यांच्या एका कंपनीत लागली, पिवळी प्लेट. बाजारातल्या बाया सवयीने तिला हात करायच्या आणि तिला न थांबता जावं लागायचं.

मला शिडी आठवायला वेळ लागला. पाठीला पट्टा बांधून मी गाडीत बसलो होतो, समोर पोरं नाताळचे दिवे उतरवत होती, आणि एकदम थर्मास दिसला. मी सरळ तिच्या घरी गेलो. ती इस्त्री करत होती.

"तू बाजारात त्यांना चहा दिलास," मी म्हणालो.

"थंडी होती."

"तुला माहीत होतं ते काय लावतायत."

"त्यानेच सांगितलं. म्हणाला, तीन ठिकाणी आहेत. स्टेशन, बाजार, इस्पितळ." तिने बाहीची घडी उलटवली. "मी खोटं बोलले नाही, गुल. स्टेशनवर होत्याच."

"त्या म्हाताऱ्या लोकांना गारठ्यात उभं केलंस."

"केलं."

"आणि मी? माझी प्लेट? माझ्या बापाची जमीन?"

तिने इस्त्री उभी ठेवली. तिला उत्तर शोधावं लागलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"तुझा विचार केला होता," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तुझाच केला. सबंध सकाळ केला. मग निरोप पाठवला."

मी उठलो. ती दारापर्यंत आली. "तुला सांगायचं तर सांग सगळ्यांना," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही." मी सांगितलं नाही. का ते तेव्हा मला माहीत नव्हतं. हातात काहीतरी आहे, एवढंच कळत होतं; त्याला कुठली बाजू धारेची हे बघायचं होतं.

वसंतात तीच आली. माझ्या गाडीत पुढे बसली, पूर्वीसारखी. वाळली होती.

"मी डेस्मंडला सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"की मी केलं. का केलं ते पण. मटणाचा पाय, सही, सगळं. त्याच्या दिवाणखान्यात उभी राहून सांगितलं."

"मग?"

"तो हसला. म्हणाला, पोरी, तुझी गाडी गेली म्हणून तू मनाला लावून घेतलंयस. तुझ्या हातून असलं काही होणार नाही, तू देवमाणूस आहेस. कौन्सिलने आपल्याला फसवलं, पेट्या रातोरात हलवल्या, तो म्हणाला. त्याने वकील गाठलाय. आणि मला," तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, "मला त्याने कोट घालायला मदत केली."

मी माझ्या बाजूची काच वर केली.

"त्याला वाटतं त्याला नशिबाने मारलं," ती म्हणाली. "नशिबाने मारलेला माणूस सुखात जगतो, गुल. सगळे हळहळतात. मला त्याला कळायला हवंय. तो सकाळी उठेल आणि त्याला माझं तोंड आठवेल, तेवढंच हवंय मला. बाकी मला काही मिळालं नाही, तुला दिसतंच आहे. तू बघितलंयस मला तिथे, शिडीखाली. दुसऱ्या कोणी नाही. तू सांगितलंस तर तो मानेल. तो तुला सरळ माणूस समजतो."

"बोलाव त्याला," मी म्हणालो.

तिने माझा हात दाबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

स्टेशनबाहेरच्या कॅफेत भेटलो, दुपारी. डेस्मंड पांढरा पडला होता, पण दाढी गुळगुळीत. तिच्यासाठी खुर्ची त्याने ओढली. नेव्हिल शेजारच्या टेबलाशी घोड्यांच्या शर्यतीचं पान वाचत होता, म्हणजे ऐकत होता. थेल्माने हिरवी हॅट घातली होती आणि हात मांडीवर ठेवले होते. ती तयार होऊन आली होती, जशी माणसं निकाल ऐकायला येतात.

"हे बघ, गुलफराज," डेस्मंड म्हणाला. "ही म्हणते, पेट्या लागल्या त्या सकाळी ही बाजारात होती. तिन्ही ठिकाणचं हिला कळलं आणि हिने आपल्याला एकच सांगितलं. मुद्दाम. म्हणे तू साक्षीदार आहेस. मी हिला सांगतोय की बाई, विश्रांती घे. पण तू सांग. तू बोललास तर मी मानतो. होती का ही बाजारात?"

त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी नीट पाहिलं. त्याला भीती वाटत होती. म्हणजे आत कुठेतरी त्याने मानलं होतं, आणि आता मी एक शब्द बोललो की ते बाहेर येणार होतं. त्या पांढऱ्या चेहऱ्यामागे थेल्मा कायमची जाऊन बसणार होती, सकाळ-संध्याकाळ, स्पेन नसलेल्या त्या घरात. त्याने मलाही कमी छळलं नव्हतं. मला तेही आवडलं असतं.

पण माझी जमीन त्याने नेली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "त्या सकाळी ती स्टेशनवर होती. माझ्या मागेच उभी होती. मला आठवतं, आम्ही बोललो."

"काय बोललात?" डेस्मंडने विचारलं.

"असंच. थंडीबद्दल."

नेव्हिलने पान उलटलं. डेस्मंडने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागदी रुमाल हलला. त्याच्या गालांवर रंग परत येताना मी बघितला. "मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला, अगदी हळू, आजारी पोराशी बोलावं तसा. "मी म्हणत नव्हतो, पोरी? मनाचे खेळ असतात. क्लिफ गेल्यापासून एकटी राहतेस तू. माझ्या बायकोला पाठवतो मी तुझ्याकडे, अधूनमधून. सोबतीला."

थेल्माने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; तो यायला अजून वेळ होता. हिशेब लावणाऱ्या माणसासारखी ती बघत होती, आणि मग तिला कळलं, आणि कळलेलं मला दिसलं.

"तू माझा विचार केलास?" तिने विचारलं.

"केला," मी म्हणालो. "सबंध हिवाळा."

"हे काय बोलताय तुम्ही?" डेस्मंड म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली.

डेस्मंडने तिच्या खांद्यावर हात ठेवला. यावेळी तिने खांदा वर केला नाही, आणि झटकलाही नाही. कसा झटकणार? आजारी बाईच्या खांद्यावरचा हात होता तो आता. मी काउंटरवर जाऊन तिघांचे पैसे दिले, पाठीचा पट्टा आवळला आणि रांगेत जाऊन गाडी लावली. माझ्या पुढे बाराएक गाड्या होत्या, निम्म्या नव्या, उंच छपराच्या. आतली पोरं कोण होती मला माहीत नव्हतं.